लेस्टरमध्ये 'कमवा आणि शिका'

'अप्रेन्टिस' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतो तो आयटीआयचा फिटर नाहीतर रेल्वेच्या वर्कशॉपमधला मुलगा, त्यामुळे मी इकडे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात वयाच्या 34 व्या वर्षी अप्रेन्टिस होतेय असं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्पच झाले. मग आईने फोन घेतला. "अगं पण तू तर बी.कॉम. आहेस ना?" मी म्हटलं, आई ही पण डिग्रीच आहे, फक्त नोकरी करता करता करायची. "कसली डिग्री?" युथ वर्कची. "म्हणजे शिक्षिका?" नाही. "मग ते समुपदेशन म्हणतात ते?" ते पण नाही. आणि तिथे मी अडकले, कारण मराठीत याला सरळ एक शब्द नाहीये, 'युवा कार्यकर्ता' म्हटलं की आपल्याला पक्षाचा झेंडा आठवतो.

आता दुसरं वर्ष चालू आहे आणि गावाकडून, मैत्रिणींकडून सारखं विचारलं जातं की तू नक्की करतेस काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

इंग्लंडमध्ये युथ वर्क म्हणजे साधारण 11 ते 25 वयाच्या मुलामुलींबरोबर, त्यातही जास्त करून 13 ते 19 वाल्यांबरोबर, शाळेच्या बाहेर केलेलं शैक्षणिक काम. युथ क्लब असतो, मुलींचे वेगळे गट असतात, ट्रिपा असतात, आणि एक प्रकार असतो त्याला डिटॅच्ड म्हणतात, म्हणजे आपण सेंटरमध्ये बसून वाट बघायची नाही, मुलं जिथे असतात तिथे जायचं, बागेत, तळलेल्या चिकनच्या दुकानाबाहेर, बस स्टेशनवर. डिसेंबरमध्ये इकडे चार वाजताच अंधार पडतो, त्या थंडीत आम्ही दोघं दोघं जॅकेट घालून फिरतो (एकट्याने जायचं नाही हा नियम), कधी दोन तासात चार वाक्यं बोलणं होतं, कधी एखादी मुलगी बाकावर बसून सगळं आयुष्य सांगते.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी मला समजायला बरेच महिने लागले. मुलं स्वतःहून येतात. शाळेत यावंच लागतं, पोलीस बोलवतात तेव्हा जावंच लागतं, डॉक्टरकडे आई नेते, पण युथ क्लबचं दार तो स्वतः ढकलून आत येतो आणि कंटाळा आला की स्वतःच निघून जातो, आपण थांबवू शकत नाही आणि थांबवायचंही नसतं. म्हणजे आपल्या हातात हजेरी नाही, मार्क नाहीत, शिक्षा नाही, आईवडिलांना सांगेन ही धमकी नाही. मी ज्या वातावरणात वाढले तिथे मोठ्या माणसाने चौदा वर्षाच्या मुलाशी बोलायचं म्हणजे यातलंच काहीतरी हातात धरून बोलायचं, कितवीत आहेस, किती टक्के पडले, पुढे काय करणार. ते सगळं बाजूला ठेवल्यावर बोलायचं कशावर, हे खरंच शिकावं लागतं, आणि त्यासाठी तीन वर्षांची डिग्री आहे याचं मला आता जराही आश्चर्य वाटत नाही.

तर कोर्सबद्दल. हे लेव्हल 6 चं, म्हणजे बी.ए. ऑनर्सच्या पातळीचं आहे, साधारण तीन वर्षं. मी एका छोट्या संस्थेत नोकरीला आहे, पगार मिळतो, आठवड्यातला एक दिवस अभ्यासाचा आणि तो पगारी वेळेतच धरलेला, मध्येमध्ये युनिव्हर्सिटीत ब्लॉक, म्हणजे सलग काही दिवसांचे वर्ग, असतात. फी मला एक पेनीसुद्धा नाही. इथे नेहमीच्या पद्धतीने डिग्री करायची तर इथल्याच मुलांना 2025-26 ला वर्षाला 9,535 पाउंडपर्यंत फी होती, म्हणजे तीन वर्षांचं कर्ज किती होतं बघा. अप्रेन्टिसशिपचे पैसे येतात कुठून तर एप्रिल 2017 पासून ज्या मालकांचं पगाराचं बिल वर्षाला 30 लाख पाउंडांच्या वर आहे त्यांच्याकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतात, ती त्यांनी ट्रेनिंगवर खर्च करायची. आमच्यासारख्या छोट्या संस्थेला लेव्ही नाही, तिथे माझ्या ट्रेनिंगचे 95 टक्के सरकार देतं आणि 5 टक्के संस्था.

हे मी बाबांना सांगत होते तर ते मध्येच म्हणाले, "अगं हे तर अण्णांचं कमवा आणि शिका." आणि खरंच की! बाबा साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजला होते, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली काढलेलं कॉलेज, आणि बाबांनी तिथे काम करून फी भरली, त्यांच्या हाताला घट्टे होते हे आजी सांगायची. पोरगी परदेशात जाऊन चौतिसाव्या वर्षी अप्रेन्टिस झाली याचं जे काही वाटत होतं ते त्या एका वाक्याने गेलं, त्यानंतर ते दर रविवारी विचारतात, या आठवड्यात काय शिकलीस आणि किती कमावलंस.

पगाराचं खरं सांगायचं तर कमी आहे. अप्रेन्टिसचा किमान दर एप्रिल 2025 ला तासाला 7.55 पाउंड झाला होता, बरेच मालक यापेक्षा जास्त देतात, आणि 19 च्या वरच्यांना पहिलं वर्ष संपलं की वयाप्रमाणे जो नेहमीचा किमान पगार तो द्यावाच लागतो. नवऱ्याची नोकरी नसती तर पहिलं वर्ष मला झेपलं नसतं. ज्या मुलामुलींना हे काम सगळ्यात चांगलं जमेल, म्हणजे जे स्वतः अशाच वस्तीत वाढलेत, त्यांनाच या पगारात भाडं भरणं अवघड जातं, हे मला मनापासून खटकतं.

लेस्टर हे गाव या कामात जुनं आहे, मला माहीतच नव्हतं. 1960 साली अल्बेमार्ल कमिटीचा रिपोर्ट आला, त्याने सरकारला सांगितलं की तरुणांच्या कामाला इमारती आणि शिकलेली माणसं दोन्ही पाहिजेत, आणि लगेच 1961 ला युथ लीडर तयार करायचं राष्ट्रीय कॉलेज इथे लेस्टरमध्येच उघडलं, ते 1970 पर्यंत चाललं. तेव्हा कोर्स वर्षाचा होता. आता 2010 पासून इंग्लंडमध्ये प्रोफेशनल युथ वर्कर म्हणवून घ्यायला डिग्री लागते, आणि ज्या कोर्सना मान्यता आहे ते नॅशनल युथ एजन्सी तपासते. पण गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की ज्या 2010 पासून डिग्री लागू झाली त्याच काळात कौन्सिलांनी (म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांनी) पैसे काढून घेतले, पुढच्या दहाबारा वर्षांत इंग्लंडमधल्या कौन्सिलांचा युथ सर्व्हिसवरचा खर्च 70 टक्क्यांहून जास्त कमी झाला. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे, पन्नाशीची, ती ज्या सेंटरमध्ये लहानपणी जायची, मग जिथे तिने वीस वर्षं काम केलं, ते आता फ्लॅट झालेत. ती तिथून जाताना बसमध्ये दुसऱ्या बाजूला बघते.

आता एका मुलाचं सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, या कामात ते पाळावंच लागतं.)

चौदा वर्षाचा, दर मंगळवारी यायचा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली, ती काढायचा नाही. पूल (बिलियर्ड्ससारखा खेळ) टेबलवर माझ्याशी खेळायचा आणि "तुझा शॉट" याशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. इकडे मुलं आम्हाला नावाने हाक मारतात, ताई नाही मॅडम नाही, पहिल्या महिन्यात मला ते कानाला लागायचं पण आता वाटतं बरंच आहे, मधलं एक टेबल कमी होतं. तर असे दोन महिने गेले. माझ्या डोक्यात सारखं की मी काही करतच नाहीये, डायरीत लिहायचं काय, आणि लाइन मॅनेजर म्हणायची तू तिथे आहेस ना दर मंगळवारी, तेच लिही. मग एका मंगळवारी मी किचनमध्ये टोस्टला बटर लावत होते आणि तो शेजारी येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला की आई तीन दिवस झाले खोलीतून बाहेर आली नाहीये, धाकट्या बहिणीला मीच शाळेत सोडतोय, कोणाला सांगू नको. आणि मी म्हटलं, नाही सांगणार.

ते चुकलं. सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या, पहिल्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात की गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावंच लागेल हे आधी सांगायचं, मी पाठ केलं होतं, परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, पण बटरची सुरी हातात असताना तोंडातून आलं ते माझ्या घरचं आलं, आपण माणसाला धीर द्यायला तसंच म्हणतो ना, कोणाला सांगत नाही जा. डिब्रीफमध्ये, म्हणजे काम संपल्यावरच्या चर्चेत, लगेच सांगितलं, फॉर्म भरला, आणि मॅनेजरने मला रागावण्याऐवजी एकच सांगितलं की त्याला हे तू स्वतः सांगायचंस, उद्याच. मी दुसऱ्या दिवशी त्याला भेटून म्हटलं की मी जे वचन दिलं ते द्यायला नको होतं, मी ते पाळू शकत नाही, आणि का ते. त्याने ऐकलं आणि निघून गेला. तीन आठवडे आला नाही. ते तीन मंगळवार मी पूल टेबलजवळच उभी होते. चौथ्या मंगळवारी आला, क्यू (खेळायची काठी) उचलला आणि म्हणाला तुझा शॉट. घरी मदत सुरू झाली होती, आईला डॉक्टर मिळाले होते, हे मला नंतर कळलं. पण सांगायचं ते हे की त्याला परत यायची कसलीच सक्ती नव्हती आणि तो आला.

युनिव्हर्सिटीत दुसरं एक शिकले ते म्हणजे रॉजर हार्टची शिडी, 1992 ची, आठ पायऱ्यांची. मुलांना निर्णयात किती भाग घ्यायला मिळतो ते त्यात बघायचं, आणि खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुळात सहभागच नाही, नुसता देखावा. मी मुलींच्या गटासाठी दिवाळीला रांगोळी आणि दिव्यांचं सगळं प्लॅन करून नेलं होतं, लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर दिवाळी फार मोठी असते, मला वाटलं आवडेल, आणि कागदावर लिहिलं 'मुलींच्या सहभागातून'. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांबरोबर कामाचा आढावा घेताना, विचारलं गेलं, ही कितवी पायरी? मी बराच वेळ शिडीकडे बघत बसले. पुढच्या आठवड्यात रांगोळीचे रंग पिशवीतच ठेवले आणि मुलींना विचारलं की या गटात एक गोष्ट बदलायची तर कोणती. मला वाटलं सहल म्हणतील. त्या म्हणाल्या वेळ बदला. साडेचारला सुरू होतं, आम्हाला लहान भावंडांना शाळेतून आणून घरी सोडून यावं लागतं, अर्धा तास पुढे ढकला. एवढंच. गेलं वर्षभर आम्ही 'मुलींची उपस्थिती कमी का' यावर मीटिंगा घेत होतो. आता पाचला सुरू करतो, आणि दारात आजी सोडायला येतात त्यांच्याशी मी मोडक्या गुजरातीत बोलते, त्यांना पण जरा बरं वाटतं की आत कोण आहे ते माहीत आहे.

एका असाइनमेंटमध्ये आपल्या देशातलं अनौपचारिक शिक्षणाचं उदाहरण लिहायचं होतं, मी राष्ट्र सेवा दलावर लिहिलं. 1941 ला सुरू झालेलं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख, साने गुरुजींची माया त्यावर, संध्याकाळची शाखा, खेळ, गाणी, कलापथक, जातपात न बघता सगळी पोरं एका मैदानात. बाबा लहानपणी शाखेत जायचे, त्यांच्याकडून फोनवर दोन तास माहिती घेतली. माझ्या ट्यूटरला फार आवडलं, पण तिने बाजूला एक प्रश्न लिहिला, शाखेत काय करायचं ते कोण ठरवायचं? मी बाबांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आम्ही कुठलं, मोठे ठरवायचे, पण ते आमच्यासाठी जीव टाकायचे गं." दोन्ही खरं आहे. मी दोन्ही लिहिलं.

ज्यांनी मेसेज करून विचारलंय की भारतातून थेट यासाठी येता येईल का, तर नाही. स्टुडंट व्हिसावर अप्रेन्टिसशिप करता येत नाही. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, आणि सरकारी पैसे मिळायला आधी इथे तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं, तोपर्यंत मी त्याच सेंटरमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी व्हॉलंटियर होते, टक शॉप (मुलांच्या खाऊचं दुकान) सांभाळायचे. ती तीन वर्षं वाया गेली असं अजिबात समजू नका, नोकरीच्या इंटरव्ह्यूला मुलांचंही वेगळं पॅनल होतं आणि त्यातल्या दोघी मला चिप्स विकणारी म्हणून ओळखत होत्या. आधी डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी होते, जिथे जिथे राहिलात तिथले पोलीस रेकॉर्डसुद्धा मागू शकतात, मला साताऱ्याहून दाखला मागवायला बराच वेळ लागला, तेवढं आधी करून ठेवा.

आज मंगळवार आहे. ब्रेडचे चार पुडे आणि बटर घेऊन साडेसहाला सेंटर उघडायचं आहे, आणि त्या मुलाची धाकटी बहीण आता अकरा वर्षांची झालीय, ती आज पहिल्यांदा येणार आहे असं तो म्हणाला होता.