गुदगुल्यांच्या खोड्याची किंमत आणि पार्सलचा काटा : माझा अनुभव

सात किलोचा लाकडी खोडा चोवीस किलोच्या भावाने पुण्याला जातो. किंमत ठरवताना हे धरलं नाही तर नफा कुरिअरवाला घेऊन जातो. प्रौढ जोडप्यांच्या गुदगुल्यांच्या खेळासाठी मी सागवानाचे पायाचे खोडे, म्हणजे दोन फळ्यांमधल्या भोकांत घोटे अडकवायच्या चौकटी, बनवतो आणि अठरा वर्षांवरच्यांनाच विकतो. लाकूड, मजुरी, पॉलिश यांचा हिशेब सरळ लागला. अडलं ते पार्सलवर, म्हणून आधी तेच.

कुरिअरला दोन वजनं असतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं, म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. काही कंपन्या ४५०० ने भागतात, त्यामुळे भाव विचारण्याआधी भाजक विचारा. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे. जोडलेला खोडा ६६ × ३६ × ५० च्या खोक्यात बसतो. गुणाकार १,१८,८००, म्हणजे जवळपास २४ किलो. खोक्यात निम्म्याहून जास्त हवा आहे आणि तिचे पैसे आपण भरतो.

राग नियमाचा नाही, तो लपवून ठेवतात त्याचा आहे. तालुक्याच्या काउंटरवर खोकं काट्यावर ठेवतात, आठ किलोची पावती फाडतात, गिऱ्हाइकाकडून आपण तेवढंच भाडं घेतलेलं असतं. मग हबमधलं, म्हणजे कुरिअरच्या मोठ्या केंद्रातलं, मशीन खोकं मोजतं आणि आठवड्याभराने खात्यातून फरक कापला जातो. काउंटरवर विचारलं तर एकच उत्तर, "हबमधून आलंय, आमच्या हातात काही नाही." टेप काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते, पण खोकं मोजायला कोणी ती काढत नाही. तोवर माल पोचलेला असतो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पैसे मागायची सोय नसते.

यावर उपाय एकच निघाला, खोडा सुटा पाठवायचा. जोडणी सरसाने न करता फर्निचर बोल्ट आणि बॅरल नटने (लाकडातल्या भोकात बसणारा नळीसारखा नट) केली, की सगळे तुकडे दोन थरांत सपाट बसतात. खोकं होतं ६६ × ३१ × १३. आकारमानाचं वजन साडेपाच किलोच्या आत येतं आणि पैसे खऱ्या आठ किलोचे लागतात. किलोला ६० रुपये धरले तर १,४४० चे ४८० होतात. इंधन अधिभार वगैरे पंधरा टक्के दोन्हीकडे चढतो. सोबत अ‍ॅलन की (बोल्ट आवळायची षटकोनी चावी) आणि जोडणीचं एक चित्र टाकायचं. मात्र वरची फळी, खालची फळी आणि बिजागरी घरीच जुळवून, एकदा पूर्ण जोडून तपासून मगच सुटं करायचं. बिजागरी गिऱ्हाइकावर सोडली तर भोकं सरकतात.

खोकं फुगलं तर मशीन सगळ्यात फुगीर जागा मोजतं. फळ्यांच्या मध्ये पेपरचे बोळे कोंबू नका, फोमची शीट घाला. पाच पदरी खोकं घ्या, तीन पदरी दबतं आणि फुगतं. बंद केल्यावर तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून फोटो आणि काट्याच्या आकड्याचा एक फोटो काढा. कापलेला फरक परत मिळवायचा दावा या फोटोंशिवाय उभाच राहत नाही. दाव्याची मुदतही थोडी असते, ती करार करतानाच लिहून घ्या.

आमच्याकडे, यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला, अनेक खेड्यांच्या पिनकोडवर पिकअपच नाही. तालुक्याच्या काउंटरपर्यंत नेण्याचं भाडं प्रत्येक खोड्यावर टाकावं लागतं. दोन-तीन ऑर्डर साठवून एकाच फेरीत न्या आणि ऑर्डर घेतानाच "दहा दिवस लागतील" असं सांगून टाका.

पोचल्यावर पैसे ही सोय ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणी दार उघडलं की असलं पार्सल परत फिरतं आणि परतीचं भाडंही आपल्याच माथी. पैसे आधी, खोकं साधं, बाहेर दुकानाचं नाव नाही. आतल्या बिलावर मात्र खरं लिहायचं : लाकडी फूट स्टॉक, फर्निचर. भलतंच काही लिहिलं आणि खोकं वाटेत उघडलं तर माल अडकतो.

आता लाकूड. चोवीस इंच लांब, पाच इंच रुंद, दीड इंच जाड अशा दोन फळ्या, बारा × चार × दीडचे दोन पाय आणि वीस × तीन × दीडची एक आडवी पट्टी. तयार माल ५९४ घनइंच, म्हणजे ०.३४ घनफूट. पण चिराई, रंधा, गाठी आणि पांढरी कड जाऊन हे हाती यायला ०.५५ घनफूट कापीव सागवान लागतं. ते धरूनच किंमत काढा. घनफुटाला ३,५०० रुपये धरले तर लाकूड १,९२५. परतवाडा, बल्लारशा, आलापल्ली, कुठलाही माल असो, आरागिरणीचं पक्कं बिल फाइलला लावा. सागवानाच्या बाबतीत बिलाशिवायची स्वस्ताई घेऊ नये.

बिजागरी, बोल्ट आणि पिन ४२०. भोकातल्या गादीचा फोम आणि रेक्झिन ३५०. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश २००. या खेळात तेल आणि पावडर वापरतात, म्हणून कच्चं लाकूड किंवा नुसतं तेलपाणी चालत नाही, डाग पडतात. चामडं दिसायला छान पण तेल पितं. रेक्झिन पुसता येतं.

मजुरी ताशी १५० धरून अकरा तास, १,६५०. फळ्या कापायला त्यातला दीड तास जातो, बाकीचे कडा, घासाई, गादी आणि पॉलिशला. गुदगुल्यांमध्ये पाय जोराने झटकला जातो, त्यामुळे भोकाची कड किमान अर्ध्या इंचाच्या गोलाईने मारावी लागते, दोन्ही बाजूंनी. हे तास गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. पंचवीसशेत दे म्हणणाऱ्याला गोलाईचा जवळून काढलेला फोटो पाठवा.

भोक एका अखंड फळीत पाडून मग फळी मधोमध चिरू नका. करवतीची तीन मिलिमीटर जाडी जाते आणि भोक चपटं होतं. आधी दोन फळ्या तयार करा, क्लॅम्पमध्ये घट्ट धरा आणि सांध्यावर होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) चालवा. साडेतीन इंची भोकात सहा मिलिमीटर फोम आणि वर रेक्झिन लावलं की आतला घेर साडेतेवीस सेंटीमीटरच्या आसपास राहतो. घोट्याच्या वरच्या मापापेक्षा हा घेर एक-दीड सेंटीमीटर जास्त हवा आणि टाचेवरून घेतलेल्या मापापेक्षा कमी. गिऱ्हाइकाकडून दोन्ही मापं मागवा. मोठ्या पायाला चार इंची भोक करायचं. मापाप्रमाणे बनवायचे वेगळे ६०० घ्या, कारण तो खोडा परत आला तर दुसऱ्याला विकता येत नाही.

कुलूप देऊ नका, मागितलं तरी. दोरीला बांधलेली, एका हाताने ओढून निघणारी पिन द्या आणि अडकलेल्याला एकटं सोडू नये, पाय बधिर झाला तर लगेच उघडावं, हे जोडणीच्या कागदावर ठळक छापा. उन्हाळ्यात आमच्याकडे सुकलेली फळी कोकणच्या पावसात फुगते, म्हणून पिनचं भोक दोन मिलिमीटर सैल ठेवा, नाहीतर नेमकी पिन अडकते.

बेरीज अशी : सामान २,८९५, मजुरी १,६५०, वीज, पाती, पॉलिश पेपर ४५५. झाले ५,०००. खोकं आणि तालुक्यापर्यंतचं भाडं २५०. मोडतोड आणि परतीसाठी ४२०. नफा तीस टक्के, १,७००. कुरिअर ५५०. एकूण ७,९२०. फर्निचर म्हणून बिल केलं तर जीएसटी १८ टक्के, आणि तो भाड्यासकट सगळ्या रकमेवर. म्हणजे ९,३५०. हाच खोडा जोडून पाठवला तर १०,६५० ला जातो, लाकडात काडीचाही फरक न पडता.

राज्याबाहेर विकायचं असेल तर जीएसटी नोंदणीच्या ४० लाखांच्या उलाढालीच्या मर्यादेवर विसंबू नका, तिथे नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, पण आपली वस्तू त्या यादीत बसते असं धरून चालू नका, कर सल्लागाराला यादी दाखवा. एक टक्क्याची कंपोझिशन योजना (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची) घेतली की राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

गादीचा जादा संच ४५० ला वेगळा विका. रेक्झिन लाकडाच्या आधी झिजतं, आणि हा संच दोनशे ग्रॅमच्या पाकिटात जातो.