११७ सेकंद

मार्कांच्या यादीवर सही करून तीन आठवडे झाले. एरवी सही झाली की तो विषय माझ्या डोक्यातून जातो. या वेळी जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी संकलक आहे. बारा वर्षं मुंबईत मालिकांच्या एडिटवर काढली आणि मग माहेरी, सांगलीला परत आले. विश्रामबागेत माझी छोटी एडिट रूम आहे. आठवड्यातून दोन दिवस एका महाविद्यालयात मुलांना संकलन शिकवते. दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प असतो, थरारपटाची पहिली दोन मिनिटं. अख्खी फिल्म करायची नाही, नुसती सुरुवात. ५० मार्क: छायाचित्रण, संकलन, ध्वनी, शीर्षकं आणि 'थरारपटाची जाण', प्रत्येकी दहा. दोन मिनिटांच्या वर गेलात तर दर दहा सेकंदांना एक मार्क वजा. हा तक्ता मीच केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मूल्यमापनाच्या दिवशी पहिला तास फिल्म सुरू होण्यातच जातो. कुणी प्रोजेक्ट फाइल आणतं आणि फुटेज घरच्या कॉम्प्युटरवर राहतं. कुणाचा आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतो. मग प्रत्येक फिल्म मी तीनदा बघते: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. डोळे मिटल्यावर फार काही कळतं. पावलांचा आवाज इंटरनेटवरून उचललेला असेल तर डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या मुलीची पावलं लाकडी जमिनीवर पडतात. मुलांना वाटतं, हे कुणाला कळतंय. ज्याला कळत नाही त्यालाही काहीतरी खोटं चाललंय एवढं जाणवतंच, आणि भीती तिथेच गळून पडते.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही आयर्विन पुलावरून रात्री एकट्या जाणाऱ्या तीन मुली पाहिल्या. तिघींच्याही मागे टोपीवाला माणूस. दंडोब्याच्या डोंगरात हरवलेले मित्र दोन वेळा. गजराच्या घड्याळाने उठून दात घासणारा नायक तर दरवर्षी असतोच. ट्यूबलाइटखाली चित्रण केलेल्या निम्म्या फिल्मांत पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून देते, तरी मोबाइल आपोआपवर सोडून देतात. अभिनयाची दुसरीच तऱ्हा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभं केलं, त्याचा आम्हा सांगलीकरांना अभिमान आहे. पण आमची मुलं एकांकिकांतून येतात आणि कॅमेरा नाकासमोर असला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. भीतीचं वाक्य ओरडून म्हटलं की भीती संपते, हे सांगून माझा घसा बसला आहे.

अकरावी फिल्म लागली तेव्हा चहा आला होता. माझा कप तसाच राहिला.

काळा पडदा. त्यावर एकामागून एक आठ नावं, प्रत्येक तीन सेकंद. खाली फक्त आवाज: ओली माती लोखंडाने खरवडल्याचा. मग दृश्य उघडलं. जमिनीत एक गोल तोंड, कडेला खरवडून काढलेला चिखल. एक म्हातारा हात सुंभाला बांधलेली पेटती चिमणी त्या तोंडातून आत सोडतो. माणसाचा चेहरा कुठेच नाही. कॅमेरा वरून खाली बघतोय, ज्योत लहान लहान होत जाते आणि मातीच्या भिंती उजळत जातात. संगीत नाही. सुंभ काठावर घासल्याचा आवाज, आणि चिमणी जसजशी खाली जाते तसतसा तो आवाज पोकळ होत जातो. मग ज्योत जाते. हात थांबतो. लगेच ओढत नाही, सुंभाला दोनदा हलकासा हिसका देतो आणि पुन्हा थांबतो. अकरा सेकंद एकही कट नाही. त्यानंतर चौकटीबाहेरून दुसऱ्या माणसाचा आवाज येतो, चहा सांगावा इतका साधा: "उतर."

काळा पडदा. 'पेव'. एकूण ११७ सेकंद.

माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते, अनुभवी माणूस, माहितीपट केलेले. ते कागदावर लिहीत म्हणाले, "दिवा विझतो म्हणजे भूत. किती वर्षं हेच चालणार?"

इथे जरा थांबून सांगायला हवं. सांगलीला लागून हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती. २०-२५ फूट खोल, पोटाशी रुंद, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी. आतून पाचट लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू संपतो, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पण जिथे कीड जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तोंड तसंच मोकळं ठेवायचं आणि उतरण्याआधी दिवा सोडून बघायचा. दिवा तेवत राहिला तर हमाल उतरणार. विझला तर कुणी पाय घालत नाही. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली आणि त्यानंतर हा बहुतेक व्यवहार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेव उघडताना पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिलं होतं. म्हणून मला 'उतर' हा शब्द पोटात लागला. सरांना तो अर्धवट तुटलेला संवाद वाटला. माझ्याकडे ५० पैकी ४१ होते, त्यांच्याकडे २७.

तोंडी परीक्षेला चौघंजण आत आले. दिग्दर्शन आणि संकलन एका मुलीचं. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ज्योत कोणत्या सॉफ्टवेअरने विझवली?

हे मी आधीच तपासलं होतं. ज्योत जायला १९ फ्रेम लागतात. मी बाण दाबत एकेक फ्रेम पुढे नेली होती. फुंकर मारली की ज्योत एका बाजूला झुकते आणि तुटते. इथे ती झुकतच नाही. वातीपासून किंचित सुटते, वर उचलल्यासारखी होते, आणि नाही. वातीचा धूरही वर यायचा तो खालीच आडवा पसरून राहतो. असं मला आजवर कुणी करून दाखवलेलं नव्हतं.

"सॉफ्टवेअर नाही सर. बॅरल," ती म्हणाली. लोखंडी बॅरल आतून चिखलाने लिंपलं, तळाला खाण्याचा सोडा पसरला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. त्यातून निघणारा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साठून राहतो. त्यात चिमणी सोडली. सहा वेळा फसलं, कधी वायू कमी पडला, कधी फेस दिसला. सातव्यांदा जमलं. सुंभाचा पोकळ आवाज घरातल्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत मोबाइल सोडून रेकॉर्ड केलेला. हात तिच्या आजोबांचा. ते तीस वर्षं पेवावर हमाल होते. खऱ्या पेवात चित्रीकरण करू का, असं तिने विचारलं होतं, तर म्हणाले, "चिमणी इझली तर पाय घालायचा न्हाई, आन् तू क्यामेरा घालतीस व्हय?" तो दोनदा हिसका द्यायचा तिने सांगितलेला नव्हता. हाताने आपोआप दिला.

सरांना आता गोष्ट कळली. प्रामाणिक माणूस, मागे टेकून बसले आणि म्हणाले, "फार चांगलं आहे हे. पण मग कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं की, खाली हवा नाही. मला कसं कळणार?"

ती म्हणाली, "सर, मालकालाही माहीत आहे आणि हमालालाही माहीत आहे. मग कोण कुणाला सांगणार?"

मी काहीच बोलले नाही. कारण हे माझंच शिकवणं आहे. दोन पात्रांना जे दोघांनाही ठाऊक आहे ते त्यांनी प्रेक्षकासाठी एकमेकांना सांगायचं नाही, हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं असेल. आणि सरांचंही चुकत नव्हतं. हरिपुराबाहेरच्या माणसाने दिवा विझलेला बघून भुताशिवाय कशाचा विचार करावा? सांगलीतल्याच वीस वर्षांच्या किती मुलांना हे कळलं असतं? त्यांनी पाच मार्क वाढवले. मी माझे टिकवले. सरासरी काढून ३७ लिहिले आणि सही केली.

रात्री झोप लागेना. संकलकाची खोड असते, मिटलेला कट डोक्यात पुन्हा उघडतो. साडेबाराच्या सुमाराला सुचलं: दोन पेवं हवीत. पहिल्यात चिमणी जाते, तेवत राहते, वर येते, हमाल पंचा आवळून उतरतो. दुसऱ्यात चिमणी विझते. "उतर." एक शब्द न वाढवता नाशिकच्या, नागपूरच्या, कुठल्याही माणसाला कळेल. वीस-पंचवीस सेकंदांचं काम.

सकाळी तिला फोन केला. ऐकून घेतलं तिने सगळं. मग म्हणाली, "मॅडम, ते शूट केलं होतं आम्ही. बुजवलेल्या पेवाचं कमरेएवढं तोंड राहिलंय, तिथे काका उतरताना घेतले होते. पण सगळं मिळून २ मिनिटं २३ सेकंद होत होतं. मग काढलं."

तिने ती प्रत पाठवली. घरी आमच्या जाऊबाई आल्या होत्या, माहेरच्या नाशिकच्या. पेव म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. मी काही न सांगता लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. पहिली चिमणी वर आली, जळती. काकांनी पंचा बांधला, काठावर बसून पाय आत सोडले. दुसरी चिमणी गेली आणि विझली. म्हाताऱ्या हाताने दोनदा हिसका दिला. "उतर" ऐकू आलं आणि जाऊबाई पडद्याला म्हणाल्या, "अरे, नको उतरू!"

२३ सेकंद जास्त म्हणजे तक्त्याप्रमाणे दोनच मार्क जाणार होते. पण दोन मार्कांसाठी मुलं काय काय कापतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. मर्यादा नको असंही म्हणवत नाही. पहिल्या वर्षी ती नव्हती तेव्हा सात-सात मिनिटांची ड्रोनची दृश्यं आली होती. मी पुन्हा टाइमलाइन मांडून बसले आणि तेव्हा नजर सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर गेली. आठ नावं, प्रत्येकी तीन सेकंद. २४ सेकंद. शीर्षकं ठळक वाचता यावीत म्हणून गर्दीच्या दृश्यावर टाकू नका, हेही मीच शिकवलेलं. पण पहिल्या पेवाचं दृश्य कुठे गर्दीचं आहे? मातीच्या भिंती, मध्ये एक लहानशी ज्योत, उजवी बाजू पूर्ण काळी. नावं तिथे स्वच्छ वाचता आली असती. बसवून पाहिलं. दोन्ही पेवं, आठही नावं, अकरा सेकंदांचा तो न कापलेला शॉट, सगळं जसंच्या तसं. १ मिनिट ५९ सेकंद.

तिला ती प्रत पाठवली. तासाभराने फोन आला. आधी काही बोललीच नाही, मागे घरातला मिक्सर चालू असल्याचा आवाज येत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "एडिट चालू असताना तुम्हाला दाखवायला आले होते मी. दोन वेळा. तुम्ही म्हणालात, परीक्षकाने आधी बघायचं नसतं."

म्हणाले होते. नियम तसा आहे.