नऊ

काल रात्री धाकटीने तिच्या प्रकल्पासाठी फोन केला आणि तेव्हापासून माझे काहीतरी बिनसले आहे. प्रश्न साधा होता. एक शिडी डोळ्यांसमोर आणायची. दहावी पायरी म्हणजे आपल्याला लाभू शकेल असे उत्तमातले उत्तम आयुष्य, तळाशी वाईटातले वाईट. आज आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगायचे. अर्थशास्त्र शिकवण्यात जन्म गेल्यामुळे ही कॅन्ट्रिलची शिडी आहे आणि जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रमांक हिच्यावरूनच लागतात, हे तिने न विचारता ऐकवून झाले. मग जरा विचार करून मी "सात" म्हटले. सात हा आकडा मला शोभेसा वाटला, कुरकुऱ्या नाही आणि भाबडाही नाही.

फोन स्पीकरवर होता. समोर हे कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून वाल सोलत बसले होते. "बाबा, तू?" असे तिने विचारताच मान वर न करता ते म्हणाले, "नऊ लिही. दहा म्हटलं तर दृष्ट लागेल." आणि चिमटीत पुढचा वाल दाबून डाळिंबी भांड्यात सोडली.

नऊ! घर एकच, इमारतीच्या पुनर्विकासाचा घोळ दोघांच्याही डोक्यावर, आणि गुडघे तर त्यांचे माझ्याहून वाईट. मोठ्याचा विषय आज नको. मग या दोन पायऱ्या आल्या कुठून? खरे सांगायचे तर मला लागले ते निराळेच आहे. त्यांनी पाच म्हटले असते तर मी त्यांची समजूत काढली असती आणि माझे सात मला भरघोस वाटले असते. त्यांच्या नवाशेजारी ते एकदम काठावर पास झाल्यासारखे दिसू लागले.

सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांच्या १९९८च्या लेखातला प्रश्न मी वर्गात नेहमी सांगत असे. तुम्हाला वर्षाला ५०,००० डॉलर आणि इतरांना २५,००० हे बरे, की तुम्हाला १,००,००० पण इतरांना २,००,००० हे बरे? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. हार्वर्डमधल्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांनी पहिला पर्याय घेतला. अर्ध्या पैशात राहू, पण इतरांच्या वर राहू. मुले हसत आणि मीही हसत असे. सुखाच्या बाबतीत आपण हेच करू, आणि तेही नवऱ्याशी, हे माझ्या टिपणांत कुठेच नव्हते. तसे पाहता अंदाज यायला हवा होता. २०२५च्या अहवालात भारत १२६वरून ११८वर आला, तेव्हा आमच्या निवृत्तांच्या गटात दिवसभर चर्चा रंगली ती पाकिस्तान १०९वा कसा याचीच.

युद्धानंतरच्या अमेरिकेत उत्पन्न वाढत गेले तरी लोकांचे सरासरी समाधान जागचे हलले नाही, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिनने १९७४मध्ये मांडले आणि त्याचे एक कारण तुलनेत शोधले. त्या काळी तुलनेला निदान शेजारी तरी लागत असे. काल दुपारी चार वाजता मी मात्र जुन्या सहकारी बाईंच्या लेकीची वास्तुशांत बसल्या जागी बावीस छायाचित्रांत पाहिली, आणि त्यांपैकी एका खिडकीतून नदी दिसत होती. माझ्या सातातून आधीच किती वजा झाले होते, ते त्या खिडकीला विचारावे.

रात्री झोप लागेना, तेव्हा दुसरा विचार आला आणि तो जास्त टोचला. यांना नववी पायरी परवडते, कारण शिडी खालून कोणीतरी धरून ठेवली आहे. आपल्या देशाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. सासूबाईंची शेवटची चार वर्षे कोणत्या रकान्यात धरायची... असो. अमर्त्य सेन बजावतात की नुसते समाधान मोजून भागत नाही, कारण वर्षानुवर्षे कमी मिळालेला माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो. मग माझे सात हेही तसेच शिकलेले असेल आणि खरा आकडा पाच असेल तर? एक वाजेपर्यंत मी स्वतःला बऱ्यापैकी दुःखी करून घेतले.

सकाळी ओट्यावरचे झाकण काढले. सगळ्या डाळिंब्या स्वच्छ सोललेल्या, सालाचा एक कपटा नाही, मोडही शाबूत. अर्धा किलो वालांना त्यांना दीड तास लागला होता, म्हणजे पुरुषांच्या राष्ट्रीय सरासरीला सात मिनिटेच कमी पडली. मला हसू आले. १९७८मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉयमधल्या २२ लॉटरी विजेत्यांना विचारले होते की न्याहारी, मित्रांशी गप्पा, एखादा विनोद यांत किती मौज वाटते. ती त्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होती. यांनी आजवर लॉटरीचे तिकीट काढलेले नाही. सोल्निक आणि हेमेनवे यांच्या प्रश्नावलीतही सुट्टीचा प्रश्न आला तेव्हा बहुतेकांनी इतरांना किती मिळते इकडे फारसे पाहिले नव्हते. वालांचेही तसेच असावे. शेजारच्यांनी किती सोलले हे कोणी पाहायला जात नाही. तो दीड तास मी समोर बसून फोन चाळत होते.

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या गळी लहानपणापासून सुखाचा हिशेब उतरवलेला होता. विसाव्या वर्षी त्याने स्वतःला विचारले की सगळे हेतू साधले तर मी सुखी होईन का, आतून "नाही" आले आणि तो खचला. आपण सुखी आहोत का असे विचारले की ते सुख राहत नाही, असे त्याने पुढे लिहिले. धाकटीने विचारेपर्यंत मी शिडीवर नव्हतेच, सोफ्यावर होते.

चहाच्या वेळी न राहवून विचारले, "अहो, काल नऊ का म्हणालात?"

"कशात?"

आठवण करून दिली. "हां, ते होय," म्हणाले आणि बिस्किट बुडवता बुडवता विचारले, "तू किती सांगितलंस?" मी आठ सांगितले.

दुपारी धाकटीचा निरोप आला की फॉर्म जतनच झाला नाही, त्यामुळे रात्री पुन्हा फोन करते. डाळिंब्यांत आमसुले घातली, हात पुसले आणि तिला कळवले, "आज आधी बाबांना विचार."