पक्षीनोंदींच्या तक्त्याचे नॉर्मलायझेशन : आतापर्यंतची प्रगती

पक्षीनिरीक्षणाच्या नोंदींचा एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीतील एकच अवाढव्य तक्ता आता नॉर्मलायझेशन करून, म्हणजे प्रत्येक माहिती शक्यतो एकाच जागी राहील अशा रीतीने, फेरी, ठिकाण, तालुका, पक्षी आणि नोंद अशा पाच तक्त्यांत विभागून झाला आहे. मूळ तक्त्यात फेरी आणि पक्षी मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी खूण, होत असे. परंतु या जोडीवर केवळ पक्ष्यांची संख्या अवलंबून होती, तारीख व ठिकाण एकट्या फेरीवर, तर शास्त्रीय नाव व कुळ एकट्या पक्ष्यावर अवलंबून होते, म्हणजे प्रत्येक माहिती संपूर्ण कीवर अवलंबून असावी, ही सेकंड नॉर्मल फॉर्मची अटच मोडत होती. परिणामी माळढोक दिसल्याशिवाय त्याचे कुळ कोठेही लिहून ठेवता येत नव्हते आणि एखाद्या पक्ष्याची एकमेव नोंद संशयास्पद म्हणून काढली, तर त्याची सारी माहितीही तिच्याबरोबर नाहीशी होत असे.

सर्वांत बोलके उदाहरण जायकवाडीचे आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्याआधीच्या ओळींत औरंगाबाद आणि नंतरच्या ओळींत नवे नाव असल्याने जिल्हावार गणती मागितली की पैठणचा तोच जलाशय दोन जिल्ह्यांत विभागून येत असे. आता जिल्ह्याचे नाव तालुक्याच्या ओळीतच असल्यामुळे तालुक्यामागे एकच दुरुस्ती पुरते. मात्र तालुक्याच्या नावालाच की मानणे धोक्याचे आहे, कारण खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही. म्हणून प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र क्रमांक दिला.

एक पुनरावृत्ती मी जाणीवपूर्वक ठेवली आहे. ठिपकेवाल्या होल्याची प्रजाती (शास्त्रीय नावातील पहिला शब्द) पूर्वी स्ट्रेप्टोपेलिया मानली जाई, आता ती स्पिलोपेलिया मानतात. हा बदल पक्ष्याच्या तक्त्यात एकदाच होतो. परंतु त्या दिवशी वहीत जे नाव लिहिले गेले, ते त्या नोंदीचे तथ्य आहे, पक्ष्याचे नव्हे, आणि पुढे एका जातीच्या दोन जाती मानल्या गेल्या, तर जुनी नोंद तपासण्यासाठी तेच नाव हाताशी लागते. त्यामुळे 'वहीतील नाव' हा रकाना नोंदीच्या तक्त्यातच राहील. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल (माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची पद्धत) मांडले, त्याचे बळ मला येथेच जाणवते: कोणती माहिती नेमकी कशावर अवलंबून आहे, हे आधी ठरवावे लागते.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) तक्त्यात लिहिली, तरी तिची तपासणी सहसा आपोआप सुरू नसते. प्रत्येक नव्या कनेक्शनवर प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारा) आदेश देऊन ती चालू करावी लागते, अन्यथा अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाचा क्रमांकही निमूटपणे स्वीकारला जातो.

सोबतच्या निरीक्षकांची नावे अद्याप स्वल्पविराम देऊन फेरीच्या एकाच रकान्यात आहेत, म्हणजे तेथे एका रकान्यात एकच मूल्य असावे, ही फर्स्ट नॉर्मल फॉर्मचीच अट पूर्ण होत नाही. त्यांच्यासाठी निरीक्षकांचा तक्ता आणि फेरी-निरीक्षक असा जोडतक्ता करण्याचे काम हाती घेतले आहे.