आवारातली विष्णुक्रांता

आमच्या आवाराचा एक कोपरा कित्येक वर्षे तसाच पडून होता. घराचा पाया खणताना निघालेला मुरूम तिथे टाकला गेला आणि तो तिथेच राहिला. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की त्या मुरमाची धग थेट ओसरीपर्यंत येत असे. तिथे हिरवळ लावावी, असे घरातल्या तरुण मंडळींचे मत होते; परंतु ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही दिवसाआड येते, तिथे गवताला रोज पाणी पाजणे मला पटेना.

त्या कोपऱ्याची सोय अखेर शेताच्या बरड धुऱ्यावर सापडली. जमिनीलगत पसरलेल्या, तारेसारख्या बारीक फांद्या, त्यांवर रेशमी लव असलेली लहान पाने आणि पानांच्या बेचक्यांतून उमललेली, जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी निळी फुले: ही विष्णुक्रांता. पऱ्हाटी निंदताना आजवर मीच ती कितीदा उपटून फेकली असेल, याचा हिशेब नाही.

पहिल्या वर्षी मी तिचे लाड केले आणि तिथेच चुकलो. मुरमावर काळी माती पसरली, शेणखत घातले, मुळाभोवतीच्या ढेकळासह पाच-सहा रोपे आणून लावली आणि पावसाने उघडीप दिली की झारीने पाणीही घालू लागलो. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते मानवते, पण निचऱ्याच्या, हलक्या जमिनीत वाढणाऱ्या या झाडाची मुळे श्रावणातल्या झडीत कुजून गेली. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हा सगळा खटाटोप पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “गुर्जी, आमी रोजानं तन निंदतो, अन् तुमी त तनाले पानी देऊन राह्यले!”

दुसऱ्या वर्षी काळी माती काढून टाकली आणि धुऱ्यावरची पिकलेली बोंडे चुरून मृगाच्या तोंडावर उघड्या मुरमावर विखुरली. त्यानंतर मी काहीही केले नाही, आणि बागकाम करणाऱ्या माणसाला काहीही न करणे किती अवघड जाते, हे त्या महिन्यात मला कळले. फक्त गाजरगवत तेवढे उपटत राहिलो. पोळ्याच्या सुमारास मुरमावर निळे ठिपके दिसू लागले.

विष्णुक्रांतेला ‘शंखपुष्पी’ असेही म्हणतात, पण हे दुसरे नाव तिचे एकटीचे नाही. तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका पसरट झाडाला आणि कुठे कुठे गोकर्णालाही तेच नाव देतात. रोपवाटिकेत कुंडीत मिळणारी टपोऱ्या निळ्या फुलांची जात तिची दक्षिण अमेरिकेतली बहीण आहे. ती देखणी आहे खरी, पण तिला नियमित पाणी लागते. विष्णुक्रांता गारवेलीच्या कुळातली असूनही कशालाही वेढे घालून वर चढत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६२ मध्ये तिला दिलेल्या ‘इव्हॉल्व्ह्युलस’ या लॅटिन वळणाच्या नावातही हेच न वेढण्याचे लक्षण सांगितलेले आहे.

गालिचा हवा असेल, त्याने मात्र हिच्या वाटेला जाऊ नये. ती विरळ वाढते आणि मधला मुरूम दिसत राहतो. उन्हाळ्यात फांद्या वाळून काडीसारख्या होतात. पहिल्या नवतप्यात ती मेली असे समजून मी एक झुडूप उपटले, तेव्हा खाली लाकडासारखे चिवट मूळ शाबूत निघाले. उरलेल्यांना हात लावला नाही आणि मृगाच्या सरींनंतर त्यांना पुन्हा पालवी फुटली.

फुले सकाळी उमलतात आणि उन्हे चढली की मिटतात. प्रत्येक फुलाचे आयुष्य तेवढेच; दुसऱ्या दिवशी दुसरी फुले येतात. त्यामुळे दुपारच्या बसने येणाऱ्या पाहुण्यांना मी ज्याची एवढी तारीफ करतो, तो कोपरा नुसता तणाने भरलेला दिसतो. सकाळी सातच्या आत या, असे मी प्रत्येकाला सांगतो. आजवर वेळेवर येतात त्या काकूच, हातात पूजेची परडी घेऊन.