रिकाम्या टर्नचा दिवस

आमच्या कॉम्प्युटर गेमच्या चाचणीच्या दिवशी मी खेळाडूच्या मागे उभी राहते आणि तोंड उघडत नाही. स्क्रीनवर जे दिसतं त्याइतकंच हाताकडे बघते. त्या सकाळी तिसऱ्या खुर्चीवर बसलेल्या मुलीचा उजवा हात माऊसवरून उठला आणि डाव्या हाताचं एक बोट एंटरवर पडत राहिलं. टक, टक, टक. टर्न संपव, टर्न संपव, म्हणजे काही न करता आपली पाळी सोड. तिचं सैन्य किल्ल्यात जखमा भरून घेत बसलं होतं आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

आमचा खेळ टर्नवर चालणारा, जादू आणि सैन्यं असलेला. मॅपवरचे शोधप्रसंग लिहायचं काम माझं. पडका मनोरा, बुडालेला पूल, ओसाड खाण असे चाळीसेक प्रसंग मी लिहिले होते. प्रत्येकात दोन-तीन पर्याय आणि प्रत्येक पर्यायाला काहीतरी किंमत. मनोऱ्याच्या तळघरात उतरलं तर एक रत्न मिळतं, पण भालाइतांच्या तुकडीची तिसरा हिस्सा ताकद जाते. हा प्रसंग माझ्या फार जिव्हाळ्याचा होता. त्या मुलीने तो वाचला, क्षणभरही न थांबता 'उतरा' दाबलं, रत्न घेतलं, सैन्य मागे वळवलं आणि एंटर दाबत बसली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सत्र संपल्यावर मी आणि आमचा प्रोग्रामर लॉग, म्हणजे खेळाची आपोआप झालेली नोंद, उघडून बसलो. तासाभरात तिने 64 टर्न खेळले होते आणि त्यातल्या 26 मध्ये मॅपवर काहीच हललं नव्हतं. बाकीच्यांचंही चित्र फार वेगळं नव्हतं. मी लगेच प्रसंगांची फाईल उघडली. किमती वाढवू, तिसऱ्याऐवजी निम्मी ताकद जाऊ दे, असं माझं चाललं होतं. तो म्हणाला, "अगं, प्रसंगांत काही बिघडलेलं नाही. किंमत वाढवलीस तर ती अजून चार वेळा एंटर दाबेल, एवढंच. मलमपट्टी फुकट आहे आपली."

जखमा भरण्याचा नियम ठरवला होता तो फार पूर्वी, लढायांचा बॅलन्स करताना. किल्ल्यात दर टर्नला पाव ताकद परत, उघड्यावर जेमतेम विसावा हिस्सा. लढाईपुरता तो ठीक होता. पण शोधप्रसंगाची किंमत मी जखमांमध्ये लावली होती आणि त्या जखमा नुसतं थांबून भरत होत्या. म्हणजे मी जिला किंमत म्हणत होते ती खेळाडूसाठी फक्त वाट बघण्याची शिक्षा होती. तळघरात उतरावं की नाही, हा प्रश्नच मी त्या मुलीपुढे ठेवला नव्हता.

जुन्या खेळांनी हा गुंता कसा सोडवला, यावर मग आमची बराच वेळ चर्चा झाली. 1999 च्या हिरोज ऑफ माइट अँड मॅजिकच्या तिसऱ्या भागात लढाई संपली की वाचलेला प्रत्येक प्राणी पुन्हा ठणठणीत होतो. मेलेला मात्र मेलाच, पुनरुज्जीवनाचा मंत्र हाताशी नसेल तर. तिथे हिशोब जखमांचा नाही, डोक्यांचा. नवी कुमक गावात दर सात दिवसांनी उभी राहते. वाट बघायची तर आठवड्याची बघावी लागते आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी खाणी बळकावतो. वाटेतल्या पेटीचंही असंच, दोनपैकी एकच घ्यायचं. 1000 सोनं की 500 अनुभव, 1500 की 1000, 2000 की 1500. सोनं घेतलं तर आज सैन्य वाढतं, अनुभव घेतला तर सेनापती वाढतो. दोन्हींची ओढ खरी असते, म्हणून हात थांबतो.

बॅटल फॉर वेसनॉथ या खेळाचं गणित मला त्याहून जवळचं वाटतं. तिथे गावात उभं राहिलं तर दर टर्नला 8 हिट पॉइंट, म्हणजे तुकडीचा जीव मोजणारे गुण, परत येतात, जागेवर विश्रांती घेतली तर 2. वैद्य शेजारी असेल तर त्याच्या तयारीप्रमाणे 4 किंवा 8. विषबाधा झालेली तुकडी गावात गेली तर आधी विष उतरतं, त्या टर्नला जखम भरत नाही. पण मुख्य गोष्ट अशी की हीच गावं सोनंही देतात. त्यामुळे पुढे सरकणं आणि बरं होणं ही एकच चाल होते. शिवाय मोहिमांमध्ये बहुतेक ठिकाणी टर्नची मर्यादा असते, म्हणून निवांत बसून राहता येत नाही.

दुपारच्या सत्राला दोन तास होते. आम्ही फक्त मलमपट्टीचा नियम बदलला. किल्ल्यातली मलमपट्टी निम्म्यावर आणली, उघड्यावरची बंद केली आणि शोधलेली जागा हाच तळ केला. मनोऱ्याच्या अंगणात मी एक गाळ भरलेली विहीर लिहिली. आता तळघरातून वर आल्यावर दोन पर्याय होते. रत्न घेऊन निघा, नाहीतर ते विकून मजूर आणा आणि विहीर उपसा. उपसली की मनोऱ्यात कायमचा तळ, तिथे जखमा भरणार. मजकूर घाईत लिहिला, शुद्धलेखनही तपासलं नाही.

तीच मुलगी पुन्हा तिसऱ्या खुर्चीवर. तळघरातून वर आली तेव्हा तिच्या भालाइतांच्या तुकडीत 40 पैकी 11 उरले होते आणि पूर्वेला शत्रूचं निशाण दिसत होतं. तिने बाण रत्नावर नेला, विहिरीवर आणला, परत रत्नावर नेला. मग पर्यायांची खिडकी बाजूला सरकवून मॅप बघितला आणि मनोऱ्यापासून किल्ल्यापर्यंतच्या चौकटी बोटाने मोजल्या. मी घड्याळ बघत होते. पन्नास सेकंद. तिने विहीर निवडली आणि मागे वळून म्हणाली, "ताई, ते रत्न नंतर कुठे मिळेल का?" उत्तर द्यायचं नसतं, तो नियम मी पाळला. पण त्या प्रश्नाने मला झालेला आनंद शब्दांत मांडता येणार नाही.

सगळं जमलं असं मात्र नाही. पहिल्या खुर्चीवरच्या खेळाडूने सुरुवातीलाच दोन लढाया हरल्या. मग कुठल्याही जागेत शिरण्याइतकं सैन्य नाही, म्हणून तळ नाही, आणि तळ नाही म्हणून सैन्य नाही. विसाव्या मिनिटाला त्याने हेडफोन काढून ठेवले. हा दोष माझ्या नियमाचा होता. त्यावर आम्ही पुढचा पूर्ण आठवडा घालवला. अखेर असं ठरलं की सैन्य तिसऱ्या हिश्शाखाली गेलं की काही प्रसंगांत वेगळा पर्याय उघडतो. खाणीतले पळालेले कामगार बलाढ्य फौजेपासून लपतात, पण लंगडत आलेल्यांना आत घेतात. प्रसंगाचा निकाल आता मॅप तयार होतानाच ठरतो, त्यामुळे जुनी सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडून नशीब बदलता येत नाही.

त्या मुलीची दुपारची सेव्ह फाईल मी ठेवून घेतली आहे. शेवटच्या टर्नला भालाईत तिघेच उरले होते. दुसऱ्या तुकडीत मिसळून टाकणं सोयीचं होतं, बटण समोरच होतं. तिने त्यांना मनोऱ्यात, विहिरीपाशी ठेवलं होतं आणि तुकडीचं नाव बदलून लिहिलं होतं: विहीरवाले.