हिरवा संत्रा आंबटच असतो असं कोणी सांगितलं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराचा, म्हणजे थंडी सरताना फुलून आलेल्या संत्र्याचा माल यायला लागला की दरवर्षी तोच सीन. साल हिरवट दिसली की व्यापारी नाक मुरडतो आणि भाव पाडतो, आणि आपण गिऱ्हाईक तरी कुठे कमी, ठेल्यावर उभं राहून ढिगातले रंग चढलेले तेवढे वेचणार आणि वरून विचारणार, "भाऊ, गोड राहते ना?" तो काय नाही म्हणणार आहे का! पण सालीचा रंग बघून गोडी ठरवायची ही आपली सवय सायन्सच्या हिशोबाने बरीचशी बिनकामाची आहे, आणि हे मी नागपुरात बसून लिहितोय म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवूनच.

सालीला नारिंगी करायचं काम मुख्यतः थंडीचं. रात्रीचा पारा साधारण १३ डिग्रीच्या खाली जायला लागला की सालीतलं हिरवं क्लोरोफिल मोडतं आणि कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं साठत जातात. आता आपल्याकडची ऑक्टोबरची रात्र आठवा, पंखा फुल स्पीडवर. आतला रस गोड झाला असेल तरी सालीला थंडी मिळालेलीच नाही तर ती हिरवी राहणार नाही तर काय होणार. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाडावर राहून, म्हणून तो दिसायला देखणा. थायलंड-व्हिएतनामकडे तर रात्री गारच होत नाहीत, तिथले लोक हिरवीच संत्री विकतात, हिरवीच खातात, कोणाची काही तक्रार नाही. एवढ्या लांब तरी कशाला जायचं, मोसंबी आपण हिरवीच घेतो की, तेव्हा नाही आपल्याला शंका येत! आणि गंमत म्हणजे व्हॅलेन्सिया जातीची फळं नारिंगी झाल्यावरही झाडावर ठेवली आणि ऊन वाढलं की परत हिरवी पडायला लागतात, आत मात्र पिकलेलीच.

आता बाजाराला रंगच पाहिजे म्हटल्यावर उपाय निघणारच. एथिलीन गॅसच्या चेंबरमध्ये फळ ठेवलं की हिरवेपणा जातो. हा गॅस फळं स्वतःही तयार करतात आणि आपल्याकडे फळं पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) त्याला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे (कार्बाइडवर बंदी आहे, ते वेगळं प्रकरण). पण संत्रा म्हणजे केळं किंवा आंबा नव्हे, तोडल्यावर त्याची साखर वाढत नाही. चेंबरमधून नारिंगी होऊन बाहेर आलेला संत्रा आत जाताना जेवढा गोड होता तेवढाच गोड. अमेरिकेत तर फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या सालीला सिट्रस रेड २ नावाचा चक्क रंग लावायची मुभा आहे, २ पीपीएमपर्यंत. एवढ्या आटापिट्यात चव कुठेच नाही बाप्पा!

बरं ही कॅरोटिनॉइड नारिंगी दिसतात कशामुळे, तर त्यांच्या रेणूत एक सोडून एक दुहेरी बंधांची लांबलचक साखळी असते, बीटा कॅरोटीनमध्ये असे ११ बंध, आणि ती साखळी निळा उजेड शोषून घेते, मग आपल्या डोळ्यापर्यंत उरलेला पिवळा-तांबडाच पोचतो. संत्र्याच्या रसात बीटा क्रिप्टोझँथिन असतं, त्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं. मँडरिन गटातल्या, म्हणजे सैल सालीच्या संत्र्यांच्या कित्येक जातींच्या सालीत एक एन्झाइम याच क्रिप्टोझँथिनचा तुकडा पाडून सिट्रॉरिन बनवतं आणि सालीला तो लालसर भडकपणा येतो, म्हणजे नुसता पिवळा नाही, चांगला खणखणीत नारिंगी. सीझनभर संत्र्यांवर ताव मारणाऱ्यांचे तळहात पिवळट होऊ शकतात ते पण या मंडळींमुळेच. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर कावीळ समजून घाबरायचं नाही, डोळेही पिवळे दिसले तर मात्र सरळ डॉक्टर गाठायचा.

याच खानदानातलं कॅप्सँथिन लाल मिरचीत असतं. तर्री पोह्यावर तो तवंग तरंगतो ना, तो रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून वर येतो, आणि म्हणूनच प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, डाग जात नाही. पळसाचं गणित एकदम उलटं. होळीच्या सुमारास विदर्भातले रस्ते पेटल्यासारखे दिसतात, पण त्या फुलांच्या रंगाचा कॅरोटीनशी संबंध नाही, तो फ्लेव्होनॉइड घराण्यातला, पाण्यात मस्त उतरतो. फुलं उकळा, चिमूटभर चुना टाका, रंग आणखी गडद होतो. पिचकारीत तर्री भरून चालणार नाही ती याच कारणाने, हे आपलं माझं संशोधन.

आणि वाघ. ताडोबा-पेंचवाल्यांना सांगायला नको, पण एवढा भडक प्राणी चितळाला दिसत कसा नाही? वाघाचा रंग फिओमेलॅनिन नावाच्या तांबूस-पिवळ्या रंगद्रव्याचा, केसातच बसलेला, आणि सस्तन प्राण्यांना हिरवं रंगद्रव्य बनवताच येत नाही. बरं बनवायची गरजही नाही, हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या, त्यांना नारिंगी आणि हिरवा जवळपास सारखाच दिसतो. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये कॉम्प्युटरला अशी नजर देऊन हे तपासलं, त्या नजरेला वाघ झाडोऱ्यात गडप! परदेशातले शिकारी नारिंगी जॅकेट घालतात ते याच हिशोबाने, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतं, हरणाला नाही. पांढऱ्या वाघात एका जीनमधल्या बदलाने हा नारिंगी तेवढा जातो, पट्टे राहतात, हे २०१३ मध्ये कळलं.

घरातल्या नारिंगी मांजरीचं कोडं सुटायला मात्र २०२५ उजाडलं. जपानच्या आणि अमेरिकेच्या टीमने वेगवेगळं काम करून एकच उत्तर काढलं, एक्स क्रोमोसोमवर एआरएचजीएपी ३६ या जीनजवळचा सुमारे ५,००० अक्षरांचा डीएनए गायब आहे. काळा आणि नारिंगी दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात, ते सहसा मादीकडेच असतात, त्यामुळे तुमच्या गल्लीत काळी-पांढरी-नारिंगी मांजर फिरत असेल तर ती बहुतेक मादीच, बोका निघाला तर जनावरांच्या डॉक्टरला जरूर दाखवा, त्यालाही रोज बघायला मिळत नाही.